पॅनलवर पडलेला पाना

मला भित्री म्हणून चिडवता ना, मग त्यापायी काय झालं तेही ऐका.

तळेगावच्या आमच्या लॅबमध्ये विमानाच्या कार्बन फायबरच्या पॅनलची चाचणी होती. उडताना ते किती थरथरेल आणि आत बसलेल्यांना किती आवाज येईल, हे आधीच हिशोबाने सांगायचं काम माझं. आदल्या दिवशी कॉम्प्रेसरची हवा फुस्सकन सुटली, मी दचकले आणि हातातला पाना पॅनलवर पडला. वर ओरखडासुद्धा दिसेना. मी गप्प बसले.

चाचणीत पॅनल माझ्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त थरथरलं. लॅबचे प्रमुख असलेले सर उखडले ते बबनआबांवर. आबा जवळच्याच औंढ्याचे, ठेकेदाराकडून आलेले. पॅनलवर थरथर मोजणारे सेन्सर चिकटवायचे.

"एवढंही नीट जमत नाही? उद्यापासून येऊ नका!"

तेव्हाही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तिसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, "बरं झालं, म्हणजे तुझे आकडे चुकले नव्हते." आबांच्या जागी तोवर दुसरा माणूस आला होता.

मी औंढ्याला जाऊन आबांची माफी मागितली.

"मला ठावं व्हतं, ताई. सेन्सर काढताना नाण्यानं ठोकून बघितलं, तर एका जागी बद्द वाजलं. आतनं थर सुटलेत. आन् आदल्या दिशी तितं तुमीच व्हता."

"मग सरांना का नाही सांगितलंत?"

"ठेकेदाराच्या मानसाचं कोन ऐकतंय? तुमी सांगाल म्हून दोन दिस गेटापाशी बसलो. तुमी मान खाली घालून निघून जायचा."