कुंट्यांनी वजीर पुढे केला

मंडळी, ऐका हं! परत मिळणार हे पक्कं ठाऊक असताना दिलं, तर त्याला त्याग म्हणायचं का? — तबलजी, मान नका डोलावू, अजून मी काही सांगितलंच नाही!

एका गावात गणपतीच्या उत्सवाची रीत होती. सकाळी देवळात बुद्धिबळाचा डाव. जिंकेल तो पहिल्या पंगतीला बसणार. हरेल तो पंचा कसून तूप वाढणार आणि जेवणार शेवटी! शेवटी म्हणजे? मोदक संपलेले, राहिली आमटी!

दरवर्षी जिंकायचे विसूभाऊ पेंडसे. तूप वाढायचे गणोबा कुंटे. बिचाऱ्याने उत्सवाचा गरम मोदक कधी चाखला नव्हता हो!

विसूभाऊ घोडा पुढे करून ओरडायचे, "घे, खा! आमचा त्याग!" लोक म्हणायचे, वा! आणि दोन चालींत कुंट्यांचा हत्ती गडप! अहो, हा कसला त्याग? चमचाभर विरजण घालायचं आणि पातेलंभर दही खायचं!

एके वर्षी आत मोदकांना वाफ आली, वास थेट पटावर! कुंट्यांना राहवेना. उचलला वजीर — ठेवला विसूभाऊंच्या राजाजवळ, प्याद्याच्या तोंडी!

"गणोबा, फुकट जाईल तो!"

"जाऊ दे."

"पुढचं काय बघितलंयस?"

"काही नाही. तुझा राजा उघडा पडेल, एवढं दिसतंय. पुढचं बाप्पा बघेल!"

विसूभाऊंना फुटला घाम! फुकट कुणी देतं का? खाल्ला तर फसणार कुठे? पानं मांडली, मीठ वाढलं, लिंबू वाढलं — हे आपले डोकं खाजवताहेत! शेवटी म्हणाले, "जा, मी नाही खात!" आणि कडेचं प्यादं ढकललं.

खाल्ल्यावर काय होईल, ते सगळं बघितलं त्यांनी. न खाल्ल्यावर? कुंट्यांनी तोच वजीर एक घर सरकवला.

"शह! ...अरे, ही तर मात!" स्वतःच दचकले!

"खरं सांग, सापळा कुठे होता?"

"सापळा कसला? खाल्ला असतास तर बहुधा आजही मीच तूप वाढलं असतं. आता तू वाढ. आणि हात आखडू नकोस!"

हसताय काय? देवापुढे पेढ्यांचा डबा ठेवून तुम्ही डोळे मिटता — तोही एकच, दुसरा डब्यावर! देव खात नाही, डबा घरी येणार, ही खात्री! समजा, आज त्याने हात पुढे केला आणि सगळे पेढे खाऊन टाकले. उद्या आणाल डबा?

चला, उठा आरतीला. आणि झाकण नीट उघडा हो, अर्धंच उघडलंय!