काठ नसलेली नदी

(पूर्णा गाव. निवृत्त चित्रकला शिक्षक व्यंकटरावांच्या घरी भिंतीला टेकवलेलं नदीचं मोठं तैलचित्र. मुलगा शंतनु नुकताच बाहेरून आलाय. धाकटी बहीण स्वरदा दारात उभी.)

शंतनु : कुणी हात लावला ह्याला? स्वरदा, तुला विचारायलोय.

स्वरदा : माझ्याकडं काय बघायलास? अण्णांना विचार.

व्यंकटराव : मी लावला. ओरडू नकोस. नदीला काठच नव्हता, काढून दिला.

शंतनु : काळ्या रंगानं?

व्यंकटराव : मग कशानं? पाणी कुठं संपतंय, झाड कुठं सुरू होतंय, पत्ता नाही. नुसते फटकारे! उद्या परभणीत लोक हसले असते. मास्तरांचा पोरगा, अन् रेघ मारता येत नाही म्हणले असते.

शंतनु : सकाळच्या उन्हात नदीला रेघ नसते, अण्णा. नुसता उजेड हलत असतो.

व्यंकटराव : मला शिकवायलास? जन्म गेला माझा पोरांना शिकवण्यात.

शंतनु : पट्टीनं बोटं फोडण्यात गेला. माझीबी फोडलीत.

स्वरदा : दादा, बस कर. अण्णा, तुमीबी जरा... उद्या प्रदर्शन आहे त्याचं. विचारायचं तरी.

व्यंकटराव : माझ्या घरात मी ह्याची परवानगी काढू?

शंतनु : थांबा. इथं खाली लाल रंग होता. तो कुठाय?

व्यंकटराव : तो डाग होय? पुसला. टर्पेंटाइन लावून, फडक्यानं. म्हटलं, सांडला असेल.

शंतनु : सांडला नव्हता.

व्यंकटराव : मग काय होतं? बोटाएवढा ठिपका. ना नाक, ना डोळे.

स्वरदा : अण्णा, ती आई होती.

व्यंकटराव : काहीतरी बोलू नकोस.

स्वरदा : जवळून कळत नव्हती. इथं दारात उभं राहिलं की दिसायची. लाल पातळ नेसून, पाण्यात पाय सोडून बसलेली. ती गेल्यापासून दादाला दुसरं काही सुचलंच नाही. मी जाता-येता बघायचे तिला.

व्यंकटराव : मला कुणी सांगितलं नाही.

शंतनु : तुमी लांबून बघितलंत कधी? नाक लावून चुकाच हुडकल्या.

व्यंकटराव : बरं, काढ परत. कुठला लाल होता सांग, मी कालवून देतो.

शंतनु : हात लावू नका आता. स्वरदा, माझी पिशवी दे. परभणीची गाडी गाठतो.

स्वरदा : अन् चित्र?

शंतनु : राहू दे इथंच. ते त्यांचं झालं आता.

व्यंकटराव : जा! तसंही खोटंच काढलं होतंस. हेमाला पाण्याची लय भीती. सगळा संसार पूर्णेत झाला, पण माझ्यासंगं नदीत पाऊल घातलं नाही तिनं कधी.

स्वरदा : तुमी शाळेत गेलात की जायची, अण्णा. आमाला दोघांना घेऊन.