राखणदार अजून वेशीत उभा आहे

मंडळी, बसून घ्या. मागच्यांनो, पुढं सरका, सतरंजी मोठी आहे. बोलायला उभी राहिले खरी, पण मला भाषणाची सवय नाही. म्हणून आधी विचारपूस करते, मग जीभ आपोआप सैल होईल.

नाना, रात्री डोळा लागला का? बीपीची गोळी घेतलीत ना? ती आठवण आजवर तुमचा लेक, मिलिंद, करायचा. ज्ञानदेव, देवळाली प्रवऱ्याहून फटफटीवर आलास, कंबर धरली असेल. नसीम, ताप उतरला का गं? आणि शैला, तुला काय विचारू बाई? दोन घास पोटात गेले का?

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी कुसुम. मिलिंदच्या या कॉम्प्युटर क्लासला लागून माझी खानावळ. तो मला काकू म्हणायचा. सोमवारी दुपारी आला, "काकू, चहा टाका, लगेच परत जायचंय," म्हणाला आणि बाकड्यावर टेकला. चहा उतू गेला म्हणून मी गॅसकडं वळले. परत वळून पाहते तर पोराची मान खाली. रिक्षा आली, पण उपयोग झाला नाही.

तुम्ही सगळे त्या पडद्यामागच्या खोलीकडं बघताय. बघा. आत मिलिंदचा पीसी अजून चालू आहे. सोमवारपासून चालूच आहे. आणि आज नागापुरात लाईट बंदचा वार आहे. चार वाजता जाते. आत्ता किती वाजले, ते मी सांगत नाही. तुमच्याही मनगटावर घड्याळं आहेत.

नातेवाईक मंडळींना वाटेल, शोकसभेत ही बाई मशीनचं काय घेऊन बसली? ऐका.

मिलिंद आणि ज्ञानदेव पुण्याला इंजिनिअरिंगला होते, तेव्हा तिथल्या लॅबमधून एक खेळ खेळायचे. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाच्या मशीनवर तो चालायचा. चित्र नाही, गाणं नाही, नुसती अक्षरं. आपण लिहायचं, उत्तरेला जा. पडद्यावर लिहून यायचं, समोर पूल आहे, पुलावर एक माणूस उभा आहे. आणि तो माणूस खराच असायचा, दुसऱ्या देशात बसून खेळणारा! एक दिवस त्या विद्यापीठानं मशीन बंद केलं. झालं, अख्खं गाव उठलं. खेळणारे चहूकडं पांगले. ज्याच्याजवळ जो तुकडा, तो त्याच्याजवळ राहिला.

मिलिंदनं ते तुकडे गोळा केले. पत्रं लिहिली, फ्लॉप्या मागवल्या. एक फ्लॉपी बुरशी लागून आली, तर तिच्यातला पूल ज्ञानदेवनं आठवून लिहिला. त्या पुलाला कठडा होता का नव्हता, यावर दोघं माझ्या खानावळीत भांडले. भाकरी गार झाली, पण कोणी मागं हटेना.

"कठडा हुता. मी सोता टेकून उभा ऱ्हायलोय," ज्ञानदेव म्हणे.

"अरे, अक्षरांच्या कठड्याला टेकतोस कसा?"

"तू अक्षरांच्या नदीत बुडाल्तास तसा!"

मग इथं टेलिफोनच्या लाईनीवर तो खेळ पुन्हा उभा राहिला. आणि आपल्या मातीत आला तसा बदलत गेला. किल्ला गेला, वेस आली. ड्रॅगनची गुहा होती तिथं ज्ञानदेवनं बारव खोदली. नसीम सुप्याच्या कंपनीतून सुटली की बसायची, तिनं एक आख्खी गल्ली वसवली. चौथी शिकलेली मी, मसाल्याच्या पाकिटांवरून इंग्रजी अक्षरं ओळखायला शिकलेली. मला मिलिंदनं धर्मशाळा दिली. म्हणाला, "काकू, तिथंही लोकांना उपाशी झोपू देऊ नका."

वेशीतला राखणदार तो स्वतः. त्याचा एक नियम होता. मूळ खेळात बाहेर पडताना परदेशी शब्द लिहायचा. यानं तो काढला. म्हणाला, आपल्यात कोणी 'जातो' म्हणून घर सोडतं का? 'येतो' लिहा. आत जे असतील ते 'या' लिहितील. तसं न करता लाईन तोडली, तर दिवसभराची कमाई बुडाली. आणि राखणदार 'येतो' लिहील तेव्हाच अख्ख्या गावाचं नवंजुनं मशीनच्या तबकडीवर उतरणार; त्याआधी मशीन बंद पडलं, तर आधीचं उतरलेलंही नासणार. रोज शेवटी तोच निघायचा. कधी चुकला नाही.

सोमवारी चुकला. कारण तो जातच नव्हता. चहाला आला होता.

तो अजून तिथं उभा आहे. पडद्यावर तसं लिहिलेलं आहे. नाना पहिल्याच दिवशी वायर उपटायला निघाले होते. "माणूस गेलं आन् खेळ चालू ठिवता व्हय?" नाना, तुमचा संताप मला कळतो. तुमच्या सुनेनं, शैलानं, तुमचा हात धरला. आणि काल नसीमनं त्याच्या वतीनं 'येतो' लिहू का विचारलं, तेव्हा शैलानं तिचाही हात धरला.

"काकू," ती मला म्हणाली, "फोटोला हार घातला, ते मी सोसलं. पण तिथं तो अजून उभा आहे. त्याला मी वेशीबाहेर कसं काढू?"

ज्ञानदेव तिला म्हणाला, "वहिनी, बारव परत खांदता यील. तुमच्यावर जोर न्हाई."

जनरेटर आणलाय. पण वायर बदलायची म्हणजे क्षणभर तरी मशीन बंद पडणार. लाईट गेल्यावर मशीन तगवणारी बॅटरी फुगलेली. दुसरी वाट नाही.

शैला, लेकी, मी जोर करत नाही. फक्त एवढं सांगते. लाईट गेली तर तोही जाईल, न सांगता. ज्या पोरानं आम्हाला सांगून जायला शिकवलं, तो न सांगता जाईल. आणि 'येतो' लिहिलं, तर वेस राहील, बारव राहील, गल्ली राहील. वेशीत त्याची जागा राहील. माणूस घराबाहेर पडताना आपण त्याला हाकलतो का? उंबऱ्यापर्यंत जातो आणि 'या' म्हणतो.

उठलीस?

सरका रे, वाट द्या तिला. नसीम, तू सोबत जा, पण हात लावू नकोस. नाना... तुम्हीही? जा, जा. आधार द्या तिला.

मंडळी, गप्प राहा. कळफलकाचा आवाज येतोय. सावकाश लिही बाई, घाई नको.

ऐकलंत? ती घरघर. तबकडी फिरायला लागली. गाव उतरतंय.

या, मिलिंद. सगळ्यांनी म्हणा. या!

आता उभे राहा. ही घरघर थांबेपर्यंत आपण उभे राहू, तेवढीच आपली श्रद्धांजली. चार वाजायच्या आत थांबू दे एवढंच मागू.

थांबली. लाईट आहे अजून.

जय भीम, मिलिंद.

ज्याच्या त्याच्या पत्त्यावर गावाची एकेक प्रत पोस्टानं येईल. फ्लॉपी उघडून बघा, कुठं बुरशी तर नाही ना. आणि आज आपापल्या घरी पोचलात की आधी पोचल्याचं पत्र टाका. लवकर टाका रे. निरोप दिलेल्या माणसाची खुशाली कळेपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत नाही.