पब्लिकनं धुरपद उचललं न्हाई

मी सेलूची, गुरवाची लेक. बाप देवळात पेटी वाजवायचा अन् मी गायची, दुसरं शिक्षण काय न्हाई. लग्न बी पेटीवाल्याशीच झालं. ह्यांची आर्केस्ट्रा पार्टी होती, पाच माणसं, गणपती असो जत्रा असो, पूर्णा, जिंतूर, कुठंबी जायचं. सून स्टेजवर गाती म्हणून सासरा दोन वर्षं बोलला न्हाई, पण मपल्याच गळ्यावर चूल पेटायची, मंग जेवायचा गुमान.

काय सांगू तुमाला, आवाज बसायला लागला. परभणीच्या डाक्टरनं बॅटरी धरून बघितलं, म्हणला घशात गाठ हाय, सा महिने गप बसा, आता ताणलं तर आवाज कायमचा जाईल. सा महिने गप बसून दोन लेकरांना काय घालू, डोंबल?

ह्यांनीच मंग तोड काढली. म्हणले तू नुसती पहिली ओळ हळू म्हण, धुरपद आलं का माईक पब्लिककडं कर. अन् पब्लिक गायचं हो, घसा फोडून गायचं. लोक का गातात म्हणून तुमी इचारायलात, तर ऐका. दिवसभर रानात मान मोडणारा माणूस, रेडिओवरलं गाणं त्याला पाठ, पण घरात म्हणलं तर बायको हसती. हितं शेजारचा बी ओरडायलाय, त्याच्यात आपलं बेसूर झाकतंय, लाज वाटत न्हाई. मपला फाटका आवाज बी त्यातच झाकायचा. लोक म्हणायचे बाई लय दिलदार, आमाला गाऊ देती. मी मनात म्हणायची, गा रे बाबांनो, तुमच्याच जिवावर जगायलेय. दोन हंगाम असे काढले.

मंग ते विद्यापीठाच्या नामांतराचं पेटलं. जिंतूरकडं एका गावात जत्रेला गेलो, तर वस्तीतली घरं जळून काळी पडलेली, पोलीस बसलेले. गावातली माणसं डाव्या अंगाला, वस्तीतली उजव्या, मधी बैलगाडी जाईल एवढी जागा मोकळी. मी ओळ म्हणली, माईक पुढं केला. कुणी शब्द काढंना. गाणं समद्यांना पाठ, ओठ हालायलेत ते दिसायलेत मला, पण पलीकडल्यांच्या संगं एका सुरात कसं गायचं, म्हणून बघायलेत नुसते एकमेकांकडं. दुसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा केला. हे पेटीवरून डोळ्यांनी न्हाई न्हाई करायलेत. मागून कुणीतरी म्हणलं, बाईला येत न्हाई का? पेटले मी. डोळे झाकले अन् सगळा जोर लावून वरचा सूर धरला, अन् आवाज फाटला तो फाटलाच, कुत्रं केकाटल्यावानी. हसले हो समदे. डावीकडले बी, उजवीकडले बी, हसायला मातर एक झाले. ज्यांची घरं जळाली त्यांचा राग आला न्हाई, जाळणाऱ्यांचं हसू लय लागलं. मी तिथंच खाली बसले.

तुमी कान जवळ आणून ऐकायलात, ते त्या दिवसापासून. पार्टी मोडली, पेटी विकली, मी जिनिंगमध्ये कापूस निवडते. सोळा वर्षांनी औंदा नामांतर झालं, अन् त्याच गावचा एक माणूस जत्रेच्या कार्यक्रमाची सुपारी घेऊन आला. म्हणला, गाव निवळलंय, बाईला आणा, आता आमी समदे धुरपद उचलतो. आवाज गेलाय ते त्याला काय ठाऊक. मी चार शिव्या हासडल्या, त्याला ऐकूच आलं न्हाई, तो ह्यांच्या तोंडाकडं बघायला लागला.

मंग हे मोठ्यानं म्हणले, "देव तुमचं भलं करो, म्हणायलीय."