पोलीसबाईंचं नऊवारी

नीट आठवतंय की नंतर मीच रंगवलंय, सांगता येत नाही, पण ऐकाच. मी हुडकेश्वरच्या एका शाळेत मुख्याध्यापक होतो. एका शिक्षिकेचा मोबाइल हरवला आणि आळ आला नववीतल्या सोनलवर. तक्रारीवरून शाळेत आलेल्या वर्दीतल्या पोलीसबाई म्हणाल्या, "हिले ठाण्यात न्या लागते." सोनल भीतीनं माझ्या खुर्चीमागं लपली.

मीच ओरडलो, "मुलांची चौकशी वर्दीत करता येत नाही! पालकही हवेत!"

"कुठं लिहून आहे, सर?"

"नियमात!" म्हणालो खरा, पण नियम कधी वाचलाच नव्हता. माझी डॉक्टरेट गणितातली!

बाई मात्र बिचकल्या. सोनलच्या आईला बोलावलं. साधे कपडे म्हणून स्नेहसंमेलनाच्या पेटीत फक्त नऊवारी सापडलं. बाई ते नेसून आल्या आणि सोनल फिसकन हसली.

"मॅडम, हे तर माह्यं लुगडं! मीच जिजाऊ बनली होती!"

"बरं जिजाऊ, मोबाइल कुठं आहे?"

"स्टाफरूमच्या कपाटामागं. टीचरनंच चार्जिंगले लावला होता."

तिथंच होता!

निवृत्तीनंतर धास्तावतच नियम शोधून वाचला. साधे कपडे, पालक, दोन्ही खरंच लिहिलेलं आहे. नऊवारीला मनाई कुठंच नाही.