सावंतांना विचारल्याशिवाय

हसायचं तर हसा, पण त्या फाइलला मी अजून हात लावलेला नाही. अंधेरीच्या ऑफिसात आम्ही एआयकडून कोड लिहून घेतो. कुठल्या फाइलला कुठला नियम, ते त्याला आधी लिहून द्यायचं. एका जुन्या फाइलपुढे मी सवयीने लिहिलं, 'सावंतांना विचारल्याशिवाय बदलू नकोस.' ती फाइल लिहिणाऱ्या सावंतांना वारून वर्ष झालंय, हे डोक्यातच आलं नाही यार.

दुपारी त्याच फाइलमध्ये बदल सांगितला. उत्तर आलं, 'विचारलं. ते नको म्हणाले.'

म्हटलं, ठोकून देतंय. विचारलं, 'नेमकं काय म्हणाले?'

'झिला, थंयसर हात लावू नको.'

मला मालवणीत झिला, म्हणजे पोरा, म्हणणारे ऑफिसात एकटे सावंतच. आणि तो शब्द मी आजवर कुठेच टाइप केलेला नाही.