हवा भरून एक दिवस

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे आमचे प्रशिक्षक सर, शेजारी बसलेले माझे उस्ताद, आजची सत्कारमूर्ती, म्हणजे जिला आपण सगळे भिंगरी म्हणतो ती, आणि सायकल क्लबातल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी क्लबाचा मेकॅनिक. कॉलेज अर्ध्यावर सोडलं, म्हणून भिंगरी मला 'अर्धा पदवीधर' म्हणते. तेव्हा भाषणही अर्धंमुर्धंच होईल. शिवाय मी दमलोय. कामानं नाही हो. एकच गोष्ट वर्षभर तोंडात धरून ठेवली की माणूस दमतो.

आत्ताच सर म्हणाले, मागच्या निवड चाचणीत भिंगरी तीन सेकंदांनी हुकली, शेवटच्या चढाला तिनं कच खाल्ली, पण यंदा जिद्दीनं निवड मिळवली. टाळ्याही पडल्या. सर, माफ करा. कच तिनं खाल्ली नव्हती.

घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत एकट्यानं पळायचं असतं. वैरी एकच, हवा. ती आधी पुढच्या चाकाला भिडते. टायर रिमपेक्षा जरासा अरुंद असला तर ती रिमवरून अलगद सरकते. रुंद असला तर अडखळून भोवरे करते. मग रुंद टायर लावायचाच कशाला? तर तो खडबडीत रस्त्यावर मऊ धावतो, आणि चाचणीचा रस्ता खडबडीत होता.

"अरुंद लाव," उस्ताद म्हणाले.

"रस्ता बघितलात का?"

"तू टायर बघितलास का? छापलेला आकडा म्हणजे स्थळाच्या पत्रातलं वय! हवा भर, एक दिवस ठेव, मग मोज."

हसताय? मी तेव्हा हसलो नव्हतो. "मला शिकवू नका" म्हणून पाना आपटला. माझं डोकं कसं आहे ते तुम्हाला ठाऊक आहेच. रुंद टायर चढवला, हवा भरली आणि लगेच मोजला. रिम अठ्ठावीस मिलिमीटर, टायर साडेसत्तावीस. बसला की! दुसऱ्या दिवशी ती त्याच चाकावर पळाली. हुकली. क्लबात परतल्यावर मी पुन्हा मोजलं. साडेअठ्ठावीस. रबर ताणून फुगलं होतं.

उस्तादांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तिला सांग."

नाही सांगितलं. का? तिची निवड झाली असती तर ती तेव्हाच गेली असती ना. हुकली म्हणून आणखी एक वर्ष राहिली. रोज सकाळी दारात सायकल टेकवून म्हणायची, "ए अर्ध्या, ब्रेक बघ." मला तेवढ्यानं दिवस पुरायचा. मागच्या रांगेतल्यांनी शिट्ट्या मारू नयेत.

पण त्या वर्षात ती काय करत होती? रोज तोच चढ. दहा वेळा, बारा वेळा. गुडघा सुजला तरी. एकदा पायरीवर बसून म्हणाली, "मी आतूनच कच्ची आहे रे." मी बर्फाची पिशवी हातात दिली आणि गप्प बसलो. याहून हलकट गप्प बसणं मला माहीत नाही.

यंदा अरुंद टायर घेतला, हवा भरून एक दिवस ठेवला, मग मोजला. सत्तावीस. ती नऊ सेकंद राखून आली. सगळे म्हणाले, चढ जिंकला.

ते तीन सेकंद टायरचेच कशावरून, असं सर विचारतील. शपथेवर नाही सांगता येणार. पण चढाच्या पायथ्याशी पोचेपर्यंतच ती निवडीच्या वेळेपेक्षा पाच सेकंद मागे होती, आणि चढावर तिनं त्यातले दोन भरून काढले. त्या वेळा नोंदलेला कागद माझ्याकडे आहे. भिंगरे, उद्या तू मोठ्या संघात चाललीस. तिथं चढ समोर आला की 'मी कच्ची' म्हणून हात आखडू नकोस. तू तेव्हाही पक्कीच होतीस. कच्चं माझं मोजमाप होतं, आणि मीही.

बोलायला उभं केलंत, अध्यक्ष महोदय, तुमचे आभार. वर्षभर वाट पाहिलीत, उस्ताद, तुमचेही. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सगळ्यांनी ते पोटात घालावं.

भिंगरे, तू मात्र घालू नकोस. तुझं वर्ष गेलंय.